सरांच्या पाठीवर

नाचणं ही माझी नोकरी होती. आमच्या गावी, देवळीत, मी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा शेजारच्या काकूंनी हातातली मेथीची जुडी खाली ठेवली आणि विचारलं, "म्हंजे सिनेमात काय वं?"

सिनेमात नाही, म्हटलं. वरातीत नाही, ऑर्केस्ट्रात नाही.

"मंग पाहाले कोन येते?"

हा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. काही गावांत आमचा प्रयोग असायचा तेव्हा रंगमंचावरची माणसं समोरच्या माणसांपेक्षा जास्त भरायची. तरी आम्ही पूर्ण प्रयोग करायचो, शेवटी रांगेत उभं राहून वाकायचो, आणि समोरचे पाचसात जण मनापासून टाळ्या वाजवायचे.

मी बंगलोरच्या एका नृत्यकंपनीत होते. बी.ए. झाल्यावर गेले आणि पस्तिशीच्या आत परत आले. आमच्या नाचाला समकालीन नृत्य म्हणतात. त्यात घुंगरू नसतात, मुद्रा नसतात, बरेचदा गाणंही नसतं. चालणं, थांबणं, पडणं, एकमेकांचं वजन घेणं आणि देणं, यातूनच नाच उभा राहतो. सकाळी ठरल्या वेळी हजर व्हायचं. आधी क्लास. एक दिवस लाकडी दांडीला धरून बॅले, दुसऱ्या दिवशी कलरीपयट्टू ही केरळातली युद्धकला, कधी नुसतं जमिनीवर लोळणं. लोळणं शिकायला मला एक वर्ष लागलं. उभं माणूस एकही हाड न आपटता जमिनीवर पोचलं पाहिजे आणि तसंच, हाताचा टेकू न घेता, पुन्हा उभं राहिलं पाहिजे. दुपारी डबा, मग संध्याकाळपर्यंत तालीम. खोलीवर आलं की गुडघ्यांचे पॅड धुवून दोरीवर वाळत घालायचे. पगार थोडा होता, पण वेळेवर मिळायचा. दौरे असायचे. दुसऱ्या वर्गाच्या डब्यात आम्ही वरच्या बर्थच्या साखळीला पाय अडकवून पाठ मोकळी करायचो आणि समोरचे प्रवासी आधी घाबरायचे, मग त्यांच्या कंबरेचं दुखणं सांगायला लागायचे.

मी काही मोठी नर्तकी झाले नाही. पोस्टरवर माझा चेहरा कधी आला नाही. बहुतेक नाचांत मी डावीकडून तिसरी वगैरे असायचे. पण मी त्या कामात खूश होते. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, आणि मला ती पायरी तर मिळालीच, वर हे असं काम मिळालं, जे असतं हेच आमच्या घरात कुणाला माहीत नव्हतं. ज्या लोकांमुळे ते मिळालं त्यांच्याविषयी लिहायचं कधीचं मनात होतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. माझी शेवटच्या वर्षाची परीक्षा झाली आणि कॉलेजच्या फलकावर एक सूचना लागली: उन्हाळी नृत्य कार्यशाळा, वर्धा, प्रवेश मोफत. मी गॅदरिंगमध्ये दरवर्षी नाचायचे, शाळेत लेझीमच्या पहिल्या ओळीत असायचे, त्यामुळे नाव दिलं. घरी बाबांना सांगितलं की शिबिर आहे. बाबांनी शिबिर म्हणजे टायपिंगच्या क्लाससारखं काहीतरी धरलं. निकाल लागेपर्यंत पोरगी रिकामी बसणार नाही, एवढं त्यांना पुरे होतं. निकाल लागला की बी.एड., हे ठरलेलं होतं.

शिबिराची जागा म्हणजे एका जिनिंगचं, कापसातली सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याचं, गोदाम. हिवाळ्यात तिथे कापसाचे डोंगर असतात, उन्हाळ्यात ते रिकामं असतं. मालकाने ते वापरायला दिलं होतं. टिनाचं छत पेलणाऱ्या लोखंडी कैच्यांना कापसाचे पुंजके लटकत होते, आम्ही उड्या मारल्या की ते हळूहळू खाली यायचे आणि घामेजल्या अंगाला चिकटायचे. खाली सिमेंटचा कोबा होता, त्यावर जाड सतरंज्या आणि सतरंज्यांवर ताणून बांधलेली ताडपत्री. वर्ध्याच्या उन्हाळ्यात टिनाखाली दहानंतर उभं राहणं शक्य नसतं, म्हणून क्लास सकाळी सहाला सुरू व्हायचा. मी देवळीहून पहिल्या बसने यायचे. पुलगावची एक मुलगी रेल्वेने यायची. तिचे वडील दारूगोळ्याच्या डेपोत कामाला होते आणि ती स्वतःही जरा तशीच होती, केव्हा उडेल सांगता यायचं नाही. आमची पहिल्या दिवशीच गट्टी जमली.

शिकवायला दोघं होती. मॅडम बंगलोरच्या त्या कंपनीच्या प्रमुख. त्यांचं लहानपण वर्ध्यात गेलं होतं, वडील रेल्वेत होते, पुढे बदली होऊन ते पुण्याला गेले. दरवर्षी उन्हाळ्यात आपल्या जुन्या गावी काहीतरी करायचं असं त्यांच्या मनात होतं आणि त्या वर्षी ते जमलं. दुसरे सर. सर मूळचे केरळचे, कंपनीतले सगळ्यात जुने नर्तक, चाळिशीला आलेले. समोरचे केस विरळ, पोटऱ्या दगडासारख्या. त्यांना मराठी समजायचं, पण बोलायचे हिंदीत, आणि तेही बेताचं. आम्ही सकाळी पोचायचो तेव्हा ते ताडपत्री ओल्या फडक्याने पुसत असायचे. आम्ही फडकं हातातून घ्यायला जायचो, तर म्हणायचे, "नहीं नहीं, ये मेरा वॉर्मअप है।"

पहिला आठवडा आम्ही नुसते श्वास घेतले आणि लोळलो. दुसऱ्या आठवड्यात मॅडमनी जोड्या पाडल्या आणि सांगितलं की आता एकमेकांवरून लोळायचं. आणि तिथेच गोंधळ सुरू झाला.

एकमेकांवरून लोळलं की पाय लागतो. पाय लागला की आपला हात आपोआप त्या माणसाला शिवून छातीला जातो. त्यासाठी विचार करावा लागत नाही. झालं असं की गोदामभर आम्ही दहा-बारा जण लोळतोय, आणि दर दोन क्षणांनी कोणीतरी थांबून कुणालातरी नमस्कार करतंय. ज्याला नमस्कार केला तो उलट नमस्कार करतोय. मॅडम कंबरेवर हात ठेवून पाहत राहिल्या.

"हे काय चाललंय?"

"मॅडम, पाय लागला न," पुलगावची म्हणाली.

"लागणारच. लावायचेच आहेत पाय."

"मंग पाप कोनाले लागन?"

"मला लागू दे सगळं," मॅडम म्हणाल्या. "पण नमस्कार बंद. हात वर गेला की तुमचं वजन सरकतं. खालचा माणूस सावध नसला तर त्याची मान लचकेल."

आम्ही हसलो आणि शिकलो. आपल्याच वयाच्या मुलामुलींच्या बाबतीत ते लवकर सुटलं. पुलगावचीने तर चारच दिवसांत मला पायाने ढकलून उठवायला सुरुवात केली. "ऊठ वं, सहा वाजले तुह्ये," म्हणायची.

पण सरांचं वेगळं होतं.

मॅडम त्यावेळी कंपनीसाठी एक नवा नाच बसवत होत्या. त्यात माणसं माणसांवर चढत, उतरत. त्यातला एक तुकडा त्या आम्हाला शिकवत होत्या. एक जण गुडघ्यांवर हात टेकून वाकून उभा राहतो. दुसरीने धावत यायचं, त्याच्या मांडीवर एक पाय, मग पाठीवर दुसरा, पाठीवर सरळ उभं राहायचं, क्षणभर थांबायचं, आणि मागे वळून न पाहता पाठीमागे पडायचं. मागे चौघं जण हात गुंफून उभे असतात, ते झेलतात. वाकणारं माणूस भक्कम लागतं, आणि तसं आमच्यात एकच होतं. सर.

मागे पडण्याची मला भीती वाटली नाही. गावात विहिरीत उड्या मारलेल्या होत्या. मी अडायचे ती त्याच्या आधी. धावत यायचे, सरांच्या मांडीवर पाय ठेवायचे, आणि पाठीवर पाय टेकणार तेवढ्यात अंग लाकूड व्हायचं. एक तर मी खाली उतरायचे, नाहीतर पाय टेकल्या टेकल्या वाकून त्यांच्या पाठीला हात लावायचे आणि तोल जायचा. ज्यांच्याकडून शिकायचं त्यांच्याच पाठीवर पाय द्यायचा, तेही माझ्या बापाच्या वयाला आलेल्या माणसाच्या!

सर समजावायचे. "देखो, हमारे कलरी में गुरु पाँव से मालिश करते हैं। रस्सी पकड़ के, शिष्य की पीठ पर। पाँव में कुछ गंदा नहीं।"

"सर, पण त्यात गुरूचा पाय शिष्याच्या पाठीवर असतो ना," मी म्हटलं. "उलटं कसं?"

सरांनी डोकं खाजवलं. "हाँ," म्हणाले, "वो तो है।" आणि पुन्हा वाकून उभे राहिले.

आता, माझे बाबा. आमचं बसस्टँडच्या रस्त्यावर किराण्याचं दुकान होतं. बाबांचा आवाज कधी वाढायचा नाही, पण पायाच्या बाबतीत ते फार कडक होते. धान्याच्या पोत्याला, तराजूला, वहीला, केरसुणीलासुद्धा पाय लागलेला त्यांना खपायचा नाही. गिऱ्हाइकाच्या पोराचा पाय चुकून तराजूला लागला तरी त्याला नमस्कार करायला लावायचे, मग हातावर गुळाचा खडा ठेवायचे. आम्ही भावंडं तर तसंच चालत मोठी झालो, पावलांकडे लक्ष ठेवून. सरांच्या पाठीवर पाय जायचा तेव्हा तो थांबवणारं कोण होतं, ते मला माहीत होतं.

शिबिराला थोडे दिवस राहिले असताना मॅडमनी आम्हा दोघींना, म्हणजे मला आणि पुलगावचीला, बाजूला बोलावलं. कंपनीत दोन जागा होत्या. तीन वर्षं शिक्षण आणि काम दोन्ही, राहायची सोय मुलींच्या वसतिगृहात. "हिचं झालं," त्या पुलगावचीकडे बघून म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "तुझं अंग चांगलं आहे, ऐकतं. पण नवा नाच सगळा याच्यावरच उभा आहे. तू चढू शकत नसशील तर मी तुला तिकडे नेऊन काय करू? शेवटच्या दिवशी घरच्यांना बोलावतोय आपण. त्या दिवशी चढलीस तर ये. आणि घरी विचारून ठेव."

म्हणजे चढले नाही तर मॅडम नेणार नाहीत. आणि चढले, तर समोर बाबा बसलेले असतील. गुरूच्या पाठीवर पाय देणारी पोरगी बघून ते पाठवतील का?

त्या दिवशी मी घरी सांगितलं. आई भाकऱ्या थापत होती, बाबा दुकान मिटून हातपाय धुऊन बसले होते.

"नाच शिकाले बंगलोर?" आई म्हणाली. "इथं नाई का शिकवत कोनी?"

"इथं शिबिर आहे आई. तिथे काम आहे."

"नाचाचं काम," आई म्हणाली आणि तवा जरा जोरातच ठेवला. "अन् बी.एड.?"

बाबांनी ताट पुढे ओढलं. जेवण झाल्यावर सुपारी कातरत म्हणाले, "त्या मॅडमनं बोलावलं हाय ना? मी येतो. पाहून घेतो."

"पाह्यची काय गरज हाय," आई म्हणाली. "नाई म्हना अन् मोकळे व्हा."

"माल पाह्यल्याशिवाय भाव कसा सांगू मी?"

आई ताटं उचलायला लागली. मी गच्चीवर जाऊन कठड्याला धरून उभी राहिले आणि दहा वेळा मनातल्या मनात सरांच्या पाठीवर चढले. मनातसुद्धा नीट जमत नव्हतं.

शिबिराच्या शेवटच्या दिवशी सकाळी बाबा माझ्याबरोबर पहिल्या बसने निघाले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यात दुपट्टा. दुकान त्यांनी त्या दिवशी काकांवर सोडलं होतं, हे तसं फारसं व्हायचं नाही. गोदामाच्या दाराशी त्यांनी चपला काढल्या आणि आत वर बघत म्हणाले, "हे त जिनिंग हाय." मग छताला लटकलेल्या कापसाकडे पाहून, "सरकी चांगली निघत नसन यांची." त्यांना जागा ओळखीची वाटली, हे मला बरं वाटलं.

घरच्या माणसांसाठी एका बाजूला प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. बाबा पहिल्या रांगेत बसले, पाय जवळ घेऊन, ताडपत्रीला लागणार नाहीत असे. आम्ही श्वास घेतला, लोळलो, एकमेकांवरून गेलो. मी मधूनमधून बाबांकडे पाहत होते. ते गोदामात माल उतरवून घेताना पाहतात तसे पाहत होते, एकेकाकडे नीट. पुलगावची सरांच्या पाठीवर चढली, उभी राहिली, मागे पडली, झेलली गेली. तिचे वडील टाळ्या वाजवायला लागले आणि कोणीच वाजवत नाही हे बघून थांबले.

मग माझी पाळी.

मी धावले. मांडीवर पाय गेला. पाठीवर दुसरा पाय टेकला, आणि सरांच्या बनियनची ऊब तळव्याला लागली तशी मी थांबले. खाली उतरले, वाकून त्यांच्या पाठीला हात लावला, छातीला नेला. मी परत गेले, पुन्हा धावत आले. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर मांडीपर्यंतही गेले नाही. सर तसेच वाकून उभे होते. त्यांच्या कपाळावरचा घाम ताडपत्रीवर टपटपत होता. मी पुन्हा नमस्काराला हात पुढे केला.

आणि खुर्च्यांमधून आवाज आला.

"काऊन थांबली वं?"

बाबा होते. सगळ्यांनी तिकडे पाहिलं. बाबा खुर्चीतून अर्धे उठले होते.

"ते माणूस केव्हाचं वाकून उभं हाय! पाठ भरून आली असन त्याईची. तू नमस्कार करत बसली. चढ ना लवकर!"

कोणीतरी हसलं. मग सगळे हसले. सर वाकलेल्या अवस्थेतच हसायला लागले, त्यांची पाठ हलताना दिसत होती. "आप सही बोलते हैं भाईसाहब," ते खाली बघतच म्हणाले.

"पाहा," बाबा म्हणाले. "चढ."

मी मागे गेले आणि धावले. मांडी, पाठ, आणि मी उभी होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मी त्या पाठीवर पूर्ण वजन दिलं होतं, आणि तेव्हाच कळलं की ती पाठ किती स्थिर आहे. मी अर्धवट पाय ठेवायचे तेव्हा सरांना दोन्हीकडून सावरावं लागायचं. पूर्ण वजन दिल्यावर त्यांना सोपं झालं होतं. पुढे कंपनीत दोन वर्षं मी त्याच पाठीवर चढले आणि ती मला घरच्या जिन्यासारखी झाली: कुठे सपाट आहे, कुठे उतार आहे, थंडीत कुठला मणका कुरकुरतो. पण त्या दिवशी मी फक्त उभी राहिले, समोर बाबा दिसले, कापसाचे पुंजके दिसले, आणि मी मागे पडले. चौघांनी झेललं.

क्लास संपल्यावर चहा आला. बाबा कप घेऊन थेट सरांकडे गेले.

"बहुत दुखता होगा पीठ," बाबा म्हणाले. आमच्याकडचं हिंदी असंच असतं, मराठीला हिंदीचा शर्ट घातलेलं.

"आदत है।"

"तिल का तेल लगाते जाव. गरम करके. इथं चांगलं मिळते, मी पाठवतो पोरीसंग."

सरांनी मान डोलावली. मग बाबांनी विचारलं, "ये कितने साल चलता?"

"क्या?"

"ये नाचने का काम. कितने साल तक होता आदमी से?"

सरांनी खरं सांगितलं. पस्तीस, फार तर चाळीस. मग गुडघे, नाहीतर कंबर. ते स्वतः आता शेवटच्या नाचावर होते. त्यानंतर शिकवायचं, किंवा नाच बसवायचे, किंवा प्रकाशयोजना, किंवा गावी जाऊन आणखी काही. त्यांची पत्नी बँकेत होती म्हणून त्यांचं निभावलं. बरोबरचे काही जण मधेच सोडून गेले, एक जण आता विम्याचं काम करतो, एक जण परदेशात एका कंपनीत आहे. मला वाटलं, आता संपलं. कोण बाप हे ऐकून हो म्हणेल?

बाबांनी कप खाली ठेवला. "म्हंजे फौजीसारखंच झालं," ते म्हणाले. "आमच्या पुलगावले डेपो हाय. तिकडचे जवान भी पस्तीसला रिटायर होते. मग गावी येऊन दुकान टाकते, गाडी चालवते." मग सरांकडे पाहून, "बुरा नहीं है."

"फौज में पेन्शन है," सर म्हणाले.

"ते बी खरं," बाबा म्हणाले, आणि दोघेही हसले.

मग मॅडम आल्या. बाबांनी त्यांना वसतिगृहाचं दार किती वाजता बंद होतं, स्वयंपाक कोण करतं, आजारी पडलं तर डॉक्टर जवळ आहे का, हे सगळं विचारलं. मॅडमनी सगळ्याची उत्तरं दिली. हो किंवा नाही, असं बाबा काहीच म्हणाले नाहीत. "सांगतो," एवढंच म्हणाले.

साडेदहाच्या सुमारास आम्ही परतीच्या बसमध्ये बसलो. ऊन पेटलं होतं. बाबांनी दुपट्टा कानावरून गुंडाळून घेतला होता, त्यामुळे त्यांचा चेहरा नीट दिसत नव्हता. सावंगी मागे पडेपर्यंत ते रस्त्याकडे पाहत होते. मग एकदम म्हणाले, "मागं पडली तेव्हा भेव नाई वाटलं तुले?"

"नाही."

"मागचं त काईच दिसत नाई."

"हात असतात ना बाबा. माहीत असतं."

"हं." बस एका खड्ड्यातून गेली, आम्ही दोघंही उडालो. "अन् पाय ठेवाले भेली."

मी मांडीवरची पिशवी जवळ ओढली.

"सरचं भेव नव्हतं ते. माह्यं होतं."

मी खिडकीबाहेर पाहत राहिले. बाहेर नांगरून ठेवलेली काळी रानं होती, एकाही झाडाला सावली नव्हती.

"आजच झालं का असं? मी आलो म्हणून?"

"रोज व्हायचं," मी म्हटलं. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "रोज पाय उचलला की वाटायचं तुम्ही समोर बसला आहात."

बाबांनी दुपट्टा थोडा सैल केला. "मी त दुकानात होतो," ते म्हणाले. आवाजात जरा आश्चर्य होतं, आणि कदाचित थोडा अभिमानही, की आपण दुकानात बसल्या बसल्या वर्ध्यापर्यंत पोचत होतो. मग ते बराच वेळ पुढच्या सीटच्या लोखंडी दांडीवर बोटं वाजवत राहिले. कंडक्टर तिकिटं विचारत आला. बाबांनी आमची तिकिटं दाखवली, घडी घालून परत खिशात ठेवली.

"बंगलोर किती दूर हाय?"

"एक रात्र आणि वर अर्धा दिवस, गाडीने."

"लय दूर हाय म्हंजे." त्यांनी दुपट्ट्याने कपाळ पुसलं. "तिथवर काई मी दिसत नसन तुले."

आईचं म्हणणं होतं की नाही म्हणा आणि मोकळे व्हा, आणि इथे बाबा हे असं बोलत होते.

"दिसलो, तरी चढजो," ते म्हणाले. "समजलं? जाय मंग."

घरी पोचलो तेव्हा आई दारातच उभी होती. तिने आधी बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्या चेहऱ्यावर बहुतेक सगळं लिहिलेलं असावं, कारण तिने मला काहीच विचारलं नाही.

"काय पाह्यलं?" तिने बाबांना विचारलं.

"काई नाई." बाबांनी ऊन लागू नये म्हणून खिशात ठेवलेला कांदा काढून बाजूला ठेवला, माठातलं पाणी घेतलं, पिऊन तांब्या पालथा घातला. "सरच्या पाठीवर उभी राह्यते पोरगी."

"अगं बाई! पाठीवर?"

"हो. मंग मागं पडते."

"पडली?" आई घाबरून माझ्या कोपरांकडे बघायला लागली. "लागलं का वं कुठं?"

"लागन कायले?" बाबा म्हणाले. "पडाचंच त शिकवून राह्यले तिथं. चांगली पडते. मी पाह्यलं."

आईने हाताला लागलेलं पीठ बोटांनी चोळून काढलं. बाबा शर्ट बदलून दुकानाकडे निघाले होते. दाराशी गेल्यावर वळून म्हणाले, "त्या माळ्यावरच्या बॅगची चेन चालते का पाह्यजो."

ते गेले. आईने मला आत बोलावलं, पानावर भाकरी वाढली, आणि समोर बसून मी जेवते आहे ते बघत राहिली. माझी अर्धी भाकरी संपली तेव्हा तिने विचारलं, "तिथं थंडी पडते का?"

"जास्त नाही म्हणतात."

"मंग डिंकाचे नको," ती म्हणाली. "रव्याचे करू लाडू. वसतिगृहात पोरी किती असतीन?"